निवेदन दिलं, पुढे काय? ग्रामसभेपासून संसदेपर्यंत आपलं म्हणणं पोचवायची पद्धत

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाणी, रस्ता, कचरा ह्यावर रोज काही ना काही येतं, फोटो येतात, लोक चिडतात, कोणीतरी नगरसेवकाला फोन लावतं आणि दुसऱ्या दिवशी परत तेच. काही वर्षांपूर्वी मी एकदा विचारलं की ह्यातल्या एका तरी तक्रारीचा आवक नंबर (अर्ज ऑफिसात मिळाल्याच्या नोंदीचा क्रमांक) कोणाकडे आहे का, तर दोनशे लोकांत एकाकडेही नव्हता. म्हणजे आम्ही वर्षभर बोलत होतो आणि ऑफिसच्या रेकॉर्डला आमची एकही तक्रार नव्हती. तिथून मी हे सगळं शिकायला लागले, आणि जे शिकले ते नवीन लोकांसाठी इथे क्रमाने लिहितेय. महाराष्ट्रात राहणाऱ्यांना डोळ्यापुढे ठेवून लिहिलंय, केंद्राचा भाग मात्र सगळीकडे सारखाच.

दोन गोष्टी आधीच सांगते कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. एक, तोंडी बोललेलं ऑफिसात टिकत नाही, कागद टिकतो. दोन, निर्णय व्हायच्या आधी दिलेला एक पानी कागद निर्णय झाल्यानंतरच्या मोठ्या मोर्चापेक्षा जास्त काम करून जातो, कारण तेव्हा फाईल उघडी असते. बहुतेक लोक फाईल बंद झाल्यावर जागे होतात, आपल्याला त्याआधी पोचायचंय.

पहिलं काम: प्रश्न कोणाच्या टेबलावरचा ते शोधा

रस्त्याला खड्डा पडलाय हे सगळ्यांना दिसतं, पण तो रस्ता ग्रामपंचायतीचा, जिल्हा परिषदेचा, पीडब्ल्यूडीचा (सार्वजनिक बांधकाम विभागाचा), महापालिकेचा की राष्ट्रीय महामार्गाचा हे कोणाला माहीत नसतं, आणि चुकीच्या ऑफिसात दिलेला अर्ज तिथेच पडून राहतो. १९९२ च्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने गाव आणि शहर पातळीच्या संस्थांना घटनेत जागा मिळाली, पंचायतींसाठी अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत आणि शहरांसाठी बाराव्या अनुसूचीत १८. ह्या दोन याद्या एकदा वाचून काढा, अर्ध्या तासाचं काम आहे, पाणीपुरवठा, दिवाबत्ती, घनकचरा, प्राथमिक शाळा ह्याची जबाबदारी साधारण कुठे येते त्याचा अंदाज येतो. अंदाज म्हणतेय कारण प्रत्यक्षात कुठला विषय किती सोपवायचा हे राज्य ठरवतं.

रस्त्याच्या बाबतीत सोपा उपाय म्हणजे कामाच्या ठिकाणी लावलेला फलक बघा, त्यावर योजनेचं नाव, ठेकेदार, रक्कम आणि विभाग असतो. फलक नसेल तर त्या भागाच्या जेईला, म्हणजे कनिष्ठ अभियंत्याला, सरळ जाऊन विचारा की साहेब हा रस्ता तुमच्याकडे येतो का. नाही येत म्हणाले तर कोणाकडे येतो तेही त्यांनाच विचारा, त्यांना नक्की माहीत असतं.

निवेदन कसं लिहायचं

माझं पहिलं निवेदन तीन पानांचं होतं आणि त्यात नऊ मागण्या होत्या. चार महिने काहीच उत्तर नाही आलं. मग एका रिटायर्ड हेडक्लार्क काकांनी समजावलं की अगं, तुझ्या नऊ मागण्या पाच टेबलांवरच्या आहेत, हा कागद नेमका कोणाकडे मार्क करायचा तेच त्यांना कळलं नसणार. तेव्हापासून एक कागद एक विषय एक मागणी. हा नियम मी मोडत नाही.

वर तारीख, प्रति म्हणून पदनाम (माणसाचं नाव नको, माणूस बदलतो, पद राहतं), मग विषय एका ओळीत, आधी काही अर्ज दिले असतील तर संदर्भ, मग तीन-चार वाक्यात काय झालंय, कुठे, कधीपासून, किती लोकांना त्रास, आणि शेवटी नेमकं काय करून हवंय. 'योग्य ती कारवाई करावी' असं लिहू नका, त्याचा काही अर्थ निघत नाही. 'शाळेसमोरच्या चौकातले बंद असलेले तीन पथदिवे सुरू करावेत आणि केलेल्या कार्यवाहीची लेखी माहिती द्यावी' असं लिहा. फोटो जोडा, फोटोखाली तारीख आणि ठिकाण. सह्या घ्यायच्या तर नाव आणि पत्त्यासकट, चाळीस खऱ्या सह्या पुरतात, चारशे गिरगटलेल्या नकोत.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. दोन प्रती न्या, एक आवक-जावक टेबलवर द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक नंबर घेतल्याशिवाय तिथून हलू नका. 'ठेवून जा, साहेबांना दाखवतो' म्हणतील, गोड बोलतील, पण पोच हवीच. नाहीच घेतलं तर स्पीड पोस्टने पाठवा, पावती आणि डिलिव्हरीचा ट्रॅकिंग रिपोर्ट हीच तुमची पोच. पंधरा-वीस दिवसांनी स्मरणपत्र, त्यात पहिल्या अर्जाचा आवक नंबर, आणि ह्यावेळी खाली 'प्रत माहितीसाठी' म्हणून वरच्या अधिकाऱ्याचं पदनाम. ह्या एका ओळीने फाईल हलताना मी बऱ्याचदा पाहिलीय.

गावात असाल तर ग्रामसभा

गावातल्या लोकांकडे शहरातल्यांपेक्षा मोठं हत्यार आहे आणि ते वापरलं जात नाही ह्याचं मला खरंच वाईट वाटतं. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ७ प्रमाणे वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात, आणि गावच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य आहे. निवडून यावं लागत नाही, कोणाची शिफारस लागत नाही. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर ह्या तारखांना सभा घ्यायची पद्धत आहे. गणपूर्ती म्हणजे कोरम मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, दोन्हीतलं जे कमी ते. कोरम नाही झाला की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला मग कोरम लागत नाही, म्हणजे तुम्ही घरी बसलात तर ठराव थांबत नाहीत, फक्त ते मोजक्या लोकांत होतात.

सभेच्या दिवशी उठून बोलणं हा शेवटचा टप्पा, काम आधी सुरू होतं. सभेची नोटीस निघते, दवंडी होते, नोटीस बोर्डवर विषयपत्रिका लागते, ती बघा. तुमचा विषय त्यात नसेल तर सभेआधीच ग्रामसेवकाला (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) लेखी द्या की हा विषय अजेंड्यावर घ्यावा, आणि पोच. नुसतं 'ऐनवेळच्या विषयात घेऊ' वर विसंबलात तर चहा येतो, अध्यक्षांच्या परवानगीने सभा संपते आणि तुमचा विषय पुढच्या सभेवर.

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची कायद्यात तरतूद आहे. बायकांनो, ती सोडू नका, पाणी, स्वच्छतागृह, अंगणवाडी, दारू हे विषय तिथे मोकळेपणाने बोलता येतात आणि तिथून ते मुख्य सभेत घेऊन जाता येतात. दारू दुकान बंद करण्यासाठी महाराष्ट्रात जी 'उभी बाटली आडवी बाटली' मतदानाची पद्धत आहे तिची सुरुवातही मतदारांच्या लेखी मागणीनेच होते, आधी ठराविक प्रमाणात सह्या, मग त्यांची पडताळणी, मग गुप्त मतदान. कितीतरी गावांतल्या बायकांनी ती लढाई सह्या गोळा करून जिंकलीय.

सभेत बोलताना ठरावाची भाषा तुम्हीच लिहून न्या. 'ह्या ग्रामसभेत ठरवण्यात येते की...' असं एका कागदावर, सूचक आणि अनुमोदक कोण ते आधी ठरवलेलं. कारण सभेत काय बोललं गेलं ते महत्त्वाचं नसतं, प्रोसिडिंगला, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, काय लिहिलं ते असतं. सभा संपल्यावर प्रोसिडिंग बुक वाचून दाखवा म्हणा, नंतर ठरावाची नक्कल मागा.

गावचा विकास आराखडा, म्हणजे वित्त आयोगाचा पैसा कशावर खर्च करायचा ते, ग्रामसभेतच मंजूर होतो. तुमच्या गावाचा आराखडा आणि खर्च ई-ग्रामस्वराज पोर्टलवर मोबाईलवरून दिसतो, तो सभेआधी बघून जा. कागदावर गटार पूर्ण आणि जागेवर नाही असं निघालं तर ते सभेत विचारायचं, शांतपणे, काम आणि रक्कम वाचून दाखवून.

गडचिरोली जिल्ह्यातलं मेंढा (लेखा) गाव बघा. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा, आणि नुसती घोषणा नाही, निर्णय सर्वसहमतीने घ्यायचे अशी त्यांची रीत. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळालेल्या देशातल्या अगदी पहिल्या गावांत ते आहे. त्यामागे वर्षानुवर्षं बसून एकेक विषय वाचून चर्चा करणारे अभ्यासगट होते. अभ्यास करूनच ते बोलायला गेले, हे मला त्यातलं सगळ्यात मोठं वाटतं.

शहरात: बजेट आणि हरकती-सूचना

शहरात ग्रामसभेसारखं काही हाताशी नाही. तीन लाख किंवा जास्त लोकसंख्येच्या शहरात प्रभाग समित्या असाव्यात असं घटनेत आहे पण तिथे सामान्य माणसाला बोलायला मिळेलच असं नाही, आणि २०२२ पासून तर राज्यातल्या कितीतरी महापालिकांवर बराच काळ प्रशासकच होते. म्हणून शहरवाल्यांनी दोन खिडक्या लक्षात ठेवाव्यात.

पहिली बजेटची. महापालिकेचं बजेट साधारण जानेवारी ते मार्चमध्ये मांडलं जातं, त्याची तयारी कित्येक महिने आधी सुरू होते. पुणे महापालिकेत २००६ पासून नागरिकांकडून आपल्या भागातली छोटी कामं सुचवून घ्यायची पद्धत आहे, ठराविक मुदतीत अर्ज भरायचा, फुटपाथ, बेंच, दिवे, बसथांबा असली कामं. तुमच्या शहरात अशी सोय नसली तरी क्षेत्रीय कार्यालयाला किंवा वॉर्ड ऑफिसला दिवाळीच्या आसपास लेखी देऊन ठेवा की पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात हे काम धरावं. मार्चनंतर दिलं तर 'तरतूद नाही' हे उत्तर तयारच असतं, आणि ते खोटंही नसतं.

दुसरी खिडकी म्हणजे हरकती व सूचना. शहराचा विकास आराखडा, रस्ता रुंदीकरण, आरक्षण बदल, झाडं तोडणं, प्रभाग रचना, ह्या सगळ्यासाठी कायद्याने जाहीर नोटीस काढावी लागते आणि मुदत द्यावी लागते. ही नोटीस वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात येते. आमच्या गटात एका ताईंनी हेच काम घेतलंय, रोज दोन पेपरमधल्या जाहीर नोटिसा बघायच्या आणि आपल्या भागाचं काही दिसलं की ग्रुपवर टाकायचं. सगळ्या गटात सगळ्यात उपयोगी काम कोणाचं विचाराल तर मी त्यांचंच नाव घेईन.

हरकतीने होतं काय? २०१५ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याचा मसुदा आला, त्यात वारसा वास्तू गायब होत्या, उभ्या इमारतींवरून रस्ते दाखवले होते. लोकांनी, वस्त्यांनी, वास्तुरचनाकारांनी आपापल्या भागाचे नकाशे तपासले आणि हजारो हरकती लिहून दिल्या. एप्रिलमध्ये राज्य सरकारने तो मसुदा दुरुस्त करून नव्याने करायला सांगितलं आणि २०१६ मध्ये सुधारित मसुदा आला. हरकत लिहिताना सर्व्हे नंबर किंवा सिटीएस नंबर (जागेचा सिटी सर्व्हे क्रमांक), नकाशाचा शीट नंबर आणि तुमचं म्हणणं एवढं असलं की पुरे, आणि 'मला प्रत्यक्ष सुनावणी द्यावी' हे वाक्य जरूर टाका, सुनावणी लागली की स्वतः जा.

माहितीचा अधिकार, जरा तपशिलात

हा कायदा काही आपोआप आलेला नाही. राजस्थानातल्या मजूर किसान शक्ती संघटनेने १९९० च्या दशकात गावोगाव जनसुनावण्या घेऊन मजुरीची मस्टर, म्हणजे हजेरीपत्रकं, लोकांसमोर वाचली, मेलेल्या माणसांच्या नावावर मजुरी उचललेली निघाली, त्यातून 'हमारा पैसा हमारा हिसाब' ही मागणी उभी राहिली. महाराष्ट्रातही अण्णा हजारेंच्या आंदोलनामुळे २००२ मध्येच राज्याचा कायदा आला होता. देशाचा कायदा २००५ चा, १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू.

अर्ज 'जोडपत्र अ' ह्या ठरलेल्या नमुन्यात, जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, किंवा ऑनलाइन पोर्टलवर तेवढीच फी. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला फी नाही, दाखला जोडायचा. महाराष्ट्राच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत, हे विसरलात तर तेवढ्यावरून अर्ज परत येऊ शकतो. उत्तर ३० दिवसांत. कोणाच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत. चुकीच्या ऑफिसात गेला तर कलम ६(३) प्रमाणे त्यांनीच तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा, तुम्हाला परत पाठवायचं नाही.

आता काय मागायचं. इथेच नवीन लोक चुकतात. 'आमचा रस्ता का खराब झाला?' हे आरटीआयमध्ये, म्हणजे माहिती अधिकाराच्या अर्जात, विचारून काही मिळत नाही, कारण कायदा तुम्हाला रेकॉर्डवरची माहिती देतो, कारणं शोधून देत नाही. त्याऐवजी कागदांची नावं घेऊन मागा: अमुक रस्त्याच्या कामाचं मंजूर अंदाजपत्रक, वर्क ऑर्डर, एमबीची म्हणजे मोजमाप पुस्तिकेची प्रत, गुणवत्ता चाचणीचे अहवाल, अदा केलेली बिलं आणि दोष दायित्व कालावधी कधीपर्यंत आहे ते. हा शेवटचा मुद्दा सोन्यासारखा आहे, कारण त्या कालावधीत रस्ता उखडला तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने करायची असते आणि मग ऑफिसला 'निधी नाही' म्हणता येत नाही. आमच्या इथला एक रस्ता असाच परत झाला, कोणाशी भांडण न होता, फक्त ती तारीख निवेदनात लिहिल्यामुळे.

फाईल जाडजूड असेल तर प्रती मागण्याऐवजी आधी फाईल बघायला मागा, कागदपत्रांची पाहणी हाही कायद्यातलाच हक्क आहे, बघून हवी तेवढीच पानं घ्या. प्रतीला पानामागे दोन रुपये. मुदत उलटून गेल्यावर दिली तर माहिती फुकट द्यावी लागते, कलम ७(६).

उत्तर नाही आलं किंवा अर्धवट आलं तर ३० दिवसांच्या आत त्याच ऑफिसातल्या वरिष्ठाकडे पहिलं अपील, 'जोडपत्र ब', २० रुपयांचा स्टॅम्प. त्याचा निकाल ३० दिवसांत, फार तर ४५. त्यानेही समाधान नाही तर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. आयोग माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार दंड करू शकतो. आयोगाकडे वेळ लागतो, बराच लागतो, त्यामुळे पहिल्या अपिलाची सुनावणी गंभीरपणे घ्या, कागद घेऊन जा, बरेच विषय तिथेच सुटतात.

एक गोष्ट मनापासून सांगते. जमीन, वाळू, टेंडर असल्या पैशाच्या विषयात एकट्याने अर्ज करू नका. तळेगाव दाभाडेचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांची १३ जानेवारी २०१० ला हत्या झाली, जमिनींचे व्यवहार ते बाहेर काढत होते. त्यामुळे तोच अर्ज चार-पाच जणांनी वेगवेगळ्या पत्त्यांवरून करा, मिळालेली माहिती लगेच गटात वाटा, म्हणजे ती एका माणसापुरती राहत नाही. धमकी आली तर त्याच दिवशी पोलिसात लेखी तक्रार.

ऑनलाइन तक्रार, लोकशाही दिन वगैरे

राज्याच्या ऑफिसांसाठी 'आपले सरकार' हे तक्रार पोर्टल, केंद्राच्या ऑफिसांसाठी सीपीग्राम्स. दोन्हीकडे टोकन नंबर मिळतो, तो जपून ठेवा, 'निकाली' म्हणून तक्रार बंद केली आणि काम झालेलं नसेल तर अपील किंवा अभिप्रायाचा पर्याय वापरा. दाखले, नोंदी, परवाने अडकलेत तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ आहे, प्रत्येक सेवेला ठराविक दिवस ठरवलेत आणि त्यावर खात्यातच दोन अपिलं, तिसरं लोकसेवा हक्क आयोगाकडे.

लोकशाही दिन जिल्हाधिकारी कार्यालयात दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी आणि तालुक्याला तिसऱ्या सोमवारी असतो. अर्ज विहित नमुन्यात १५ दिवस आधी द्यावा लागतो आणि तक्रार वैयक्तिक स्वरूपाचीच लागते, गावाचा रस्ता किंवा संघटनेची मागणी तिथे घेत नाहीत, कोर्टात चालू असलेलं प्रकरणही नाही. हे माहीत नसल्याने लोक पन्नास किलोमीटरवरून येऊन परत जातात.

आमदार-खासदारांकडे काय मागायचं

बहुतेक लोक निधी मागतात. खासदार निधी वर्षाला ५ कोटी, एवढ्या मोठ्या मतदारसंघात तो कुठे कुठे पुरणार. मी म्हणते प्रश्न मागा. विधानसभेत तारांकित प्रश्न (ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात), लक्षवेधी सूचना, औचित्याचा मुद्दा, लोकसभेत तारांकित-अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न, शून्य प्रहर, नियम ३७७ खालचा मुद्दा. सभागृहात प्रश्न लागला की खालपासून वरपर्यंत सगळ्या ऑफिसांना माहिती गोळा करावी लागते आणि मंत्र्यांचं उत्तर कायमचं रेकॉर्डवर येतं.

त्यासाठी त्यांच्या ऑफिसला तयार माल द्या: अर्ध्या पानात विषय, त्याखाली नेमके दोन-तीन प्रश्न, आरटीआयमधून मिळालेले कागद जोडून. लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते, म्हणून अधिवेशन सुरू व्हायच्या महिनाभर आधी जा. खासदारांचे स्वीय सहायक म्हणजे पीए, त्यांच्याशी नीट ओळख ठेवा, कागद पुढे सरकवणारा माणूस तोच. आणि जायच्या आधी संसदेच्या वेबसाइटवर तुमच्या विषयावरची जुनी उत्तरं शोधा, कदाचित मंत्र्यांनी दोन वर्षांपूर्वीच काहीतरी आश्वासन दिलेलं असतं आणि मग तुम्हाला तेवढंच विचारायचं असतं की त्याचं काय झालं. उत्तर मोठं धोरणात्मक हवं असेल तर विनंती अर्ज समितीचाही मार्ग आहे, विधिमंडळात आणि संसदेत दोन्हीकडे.

देशपातळीवरचे कायदे आणि नियम

इथे सामान्य माणसाला वाटतं की आपलं कोण ऐकणार. पण २०१४ मध्ये केंद्राने विधिपूर्व सल्लामसलतीचं धोरण केलं, त्यानुसार कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांसाठी खुला ठेवायचा. ते धोरण आहे, कायदा नाही, सगळी खाती पाळत नाहीत, पण जेव्हा मसुदा येतो तेव्हा मंत्रालयाच्या वेबसाइटवर ईमेल आणि शेवटची तारीख दिलेली असते. विधेयक संसदीय समितीकडे गेलं की समितीही जाहिरात देऊन लेखी निवेदनं मागवते. राज्यातही तसंच, जनसुरक्षा विधेयक विधिमंडळाच्या संयुक्त समितीकडे होतं तेव्हा १२ हजारांवर सूचना आल्या होत्या.

२०१५ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, इंटरनेटवरच्या सेवांबद्दल सल्लामसलतीचा कागद काढला, शंभरावर पानांचा. काही तरुणांनी तो सोप्या भाषेत समजावला, प्रश्नांची उत्तरं कशी द्यायची ते सांगितलं आणि दहा लाखांहून जास्त ईमेल गेले. ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने वेगवेगळ्या वेबसाइटसाठी वेगवेगळे डेटा दर लावायला बंदी घातली. दुसरं उदाहरण २०२० चं, पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या (प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते तपासण्याच्या) अधिसूचनेचा मसुदा फक्त हिंदी-इंग्रजीत होता, दिल्ली उच्च न्यायालयाने तो आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या २२ भाषांत द्यायला सांगितलं आणि मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली. लाखो हरकती गेल्या आणि तो मसुदा त्या रूपात अंतिम झाला नाही.

लिहिताना कलमाचा नंबर, त्यात काय अडचण आहे, त्याजागी कोणते शब्द हवेत, आणि तुमचा स्वतःचा अनुभव, एवढंच. सगळ्यांनी तोच मजकूर कॉपी-पेस्ट केला तर वाचणारे तो एक गठ्ठा म्हणून बाजूला ठेवू शकतात, पण ऊसतोड मजुराने, नर्सने, दुकानदाराने स्वतःच्या कामातलं लिहिलेलं दोन परिच्छेदांचं पत्र वेगळं उठून दिसतं. मराठीत लिहा, संकोच नको.

तुमच्या भागात खाण, कारखाना, बंदर असा मोठा प्रकल्प येत असेल तर २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ जनसुनावणी घेतं, ३० दिवस आधी नोटीस, जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी अध्यक्ष. तिथे कोरम नसतो, म्हणजे दहा लोक आले तरी सुनावणी झाली असंच धरतात, बहिष्कार टाकायच्या आधी ह्याचा नीट विचार करा. प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत आधी मागून वाचा, तोंडी बोला आणि तेच लेखीही द्या, आणि शेवटी कामकाजाचा सारांश उपस्थितांना वाचून दाखवायचा असा नियमच आहे, तो वाचून होईपर्यंत जागेवरून उठू नका. आपण जे बोललो ते त्यात आलं नसेल तर तिथेच हात वर करून नोंदवायला लावा.

मोर्चा, कोर्ट आणि मतदार यादी

शांततेने, विनाशस्त्र जमायचा हक्क घटनेच्या कलम १९ मध्ये आहे, पण जमावबंदीचा आदेश चालू आहे का ते पोलीस ठाण्यात विचारा, कार्यक्रमाची लेखी सूचना द्या, मार्ग आणि वेळ लिहून, परवानगीचा कागद खिशात ठेवा. मोर्चाच्या शेवटी निवेदन देतो तेव्हाही पोच घ्यायची, उत्साहात हे राहून जातं. कोर्ट सगळ्यात शेवटी, आणि तिथे पहिला प्रश्न हाच येतो की आधी संबंधित खात्याकडे गेला होतात का, तेव्हा तुमची सगळी शिक्क्याची कागदं कामाला येतात. वकिलाची फी परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाची मोफत मदत आहे, हेल्पलाइन १५१००, महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

मतदार यादीतलं नाव दरवर्षी तपासा, नवीन नाव फॉर्म ६, दुरुस्ती किंवा पत्ता बदल फॉर्म ८. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर अशा चार तारखा वय मोजायला धरतात त्यामुळे अठरा पूर्ण झालेल्या मुलांना वर्षभर थांबावं लागत नाही. ग्रामसभेत बसायचा हक्कसुद्धा ह्याच यादीवरून ठरतो.

सुरुवात करायची असेल तर ह्या आठवड्यात एवढं करा: तीन-चार शेजारी जमवा, एकच छोटा विषय निवडा, एक फाईल आणि एक वही घ्या. वहीत पाच रकाने: तारीख, कोणत्या ऑफिसला, विषय, आवक नंबर, पुढची तारीख. आमची वही आता तिसरी चालू आहे, पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर शाळेसमोरच्या दिव्यांची नोंद आहे, आवक नंबरसकट, आणि शेवटच्या रकान्यात लाल पेनाने 'सुरू झाले' असं लिहिलेलं आहे.